पहिली मात्रा मोकळी

बाबा, मंडळाच्या यंदाच्या कार्यक्रमात तुमचं गाणं बसवायचं ठरलं आहे, पण त्यातलं शेवटचं कडवं त्यांना नको आहे. मंडळ म्हणजे तेच, आपल्या कुवेतमधल्या अबू हलीफ्याच्या चार-पाच बिल्डिंगांमधल्या मराठी माणसांचं, ज्यांनी तुम्हाला एकदा बोलावलं आणि नंतर कधीच नाही. 'त्यांना' असं म्हणून मी स्वतःला त्यातून वगळते आहे, ते काही खरं नाही. गेली सात वर्षं मीही त्या समितीवर आहे. हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता. परवा बैठक आहे. कडवं गाळून गाणं होऊ द्यायचं की गाणंच परत घ्यायचं, हे मला तिथे सांगायचंय, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाल्यामुळे विचारायला कुणी नाही. म्हणून लिहायला बसले आहे. आई असती तर म्हणाली असती, "तेंका काय इचारतंस? ते अख्खाच गाणा म्हणतले नि वर भाषणय करतले."

कोकणातल्या एका पाइप फिटरला रेगे संगीत कुठून सुचलं, असं हल्ली कुणाला सांगितलं की विचारतात. मी सांगते, जेवणातून. तुमच्या रिफायनरीत वेस्ट इंडीजच्या कुठल्याशा बेटावरून आलेला एक वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. डोक्यावर जटा, त्या हेल्मेटखाली मावत नाहीत म्हणून सेफ्टीवाल्यांचा रोजचा वैताग. दारू नाही, मांस नाही, जेवणात मीठसुद्धा नाही, आणि डबा उघडण्याआधी डोळे मिटून पाच मिनिटं देवाशी बोलणं. बाकीचे लोक त्याच्याशी क्रिकेट बोलायला जायचे, आणि त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही म्हटल्यावर फसवणूक झाल्यासारखे परत यायचे. तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत, "असो माणूस आमच्या गावात असतो तर लोकांनी तेका देवळात बसवलो असतो. हय तेका सांगतत, केस काप." आणि एका शुक्रवारी त्याला सरळ जेवायलाच घेऊन आलात.

ते स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. आई ओट्यापाशी उभी आहे, हातात मिठाची बरणी, आणि तुम्ही तिचा हात धरून ठेवलाय. "मीठ नाय तर चव खयची?" असं ती चारचौघांत विचारते आहे, कारण पाहुण्याला मराठी येत नाही याची तिला खात्री आहे. शेवटी तिने नारळाच्या रसातला भात आणि ओलं खोबरं घातलेली चवळी अशीच, अळणी, त्याच्या ताटात वाढली. तो दोन घास खाऊन थांबला. मला वाटलं, आता हा उठतो. तर तो इंग्रजीत म्हणाला की माझी आई दर रविवारी हेच करते, भात, चवळीसारखं कडधान्य आणि नारळ, अगदी हेच. तुम्ही आईला सांगितलंत. त्यानंतर दर शुक्रवारी आपल्याकडे एक लहान पातेलं अळणी शिजायचं, आणि तो माणूस आमच्यासाठी 'जटावाले काका' झाला.

तो गिटार घेऊन यायचा. तुमच्याकडे गावाहून आणलेला पखवाज होता, आणि एक पट्टी कायमची बसलेली पेटी. कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पातले तुमचे पाच-सहा दोस्त यायचे, सगळे आपल्याच बाजूचे, भजनात वाढलेले. आईने 'रेगे' हा शब्द ऐकला तेव्हा तिला आडनाव वाटलं. "रेग्यांची गाणी तुमी कित्याक म्हणतास?" असं ती बरेच दिवस विचारत होती. गाण्यांचं मर्म तुम्हाला एका दुपारी कळलं. त्याच्या बेटावरची गाणी, गरिबांची, देवाला अरे-तुरे करणारी, आणि मालकांना तोंडावर सुनावणारी. तुम्ही म्हणालात, ही तर आपली भजनंच आहेत. शब्द आपल्या बोलीत घातलेत. पण ताल कुणालाच जमेना. त्यांच्या तालात चारातली पहिली मात्रा मोकळी असते, तिच्यावर काहीच वाजवायचं नाही, आणि तिसरीवर दणका. आणि तुम्ही सगळे जन्मभर समेवर झांज मारलेले. पहिली आली की हात आपोआप जायचाच. जटावाले काका गिटार थांबवून हसायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा छन्न. तीन शुक्रवार असे गेले. काकांनी त्यांच्या भाषेत काहीतरी समजावलं ते मला कळलं नव्हतं, पण तुम्ही ते सगळ्यांना सांगितलंत ते कळलं. "पयली सोडा. ती आपली न्हय, ती देवाची. तेका बसाक जागा ठेवा."

मी बारा वर्षांची होते आणि झांज माझ्याकडे होती, कारण मोठ्यांचे हात सुधारत नव्हते. माझाही सुधारत नव्हता. एकदा ऐन रंगात आलेलं गाणं तुम्ही थांबवलंत, माझ्या हातातून झांज काढून घेतलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "घाई कित्याक गो? तो येवच्या आदी तूच जाऊन बसलंस." पुढचा पूर्ण शुक्रवार मला हात मांडीवर ठेवून नुसतं ऐकायला बसवलंत. मला इतका राग आला होता की मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. पण ऐकावं लागलंच. संध्याकाळी कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्या रिकाम्या जागेत मी श्वास घेते आहे. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही, कारण मग तुम्ही बरोबर ठरला असतात. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, आवाजाची तक्रार करायला वर यायचा आणि दारातच उभा राहायचा, चप्पल न काढता, गाणं संपेपर्यंत.

कॅसेट तुम्ही दिवाणखान्यातच भरलीत, डबल डेकवर. मागे आईच्या कुकरची शिट्टी आहे. तुमची अट एकच होती, घेणाऱ्याने स्वतःच्या कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि पुढे आणखी दोघांना द्यायची. विकायची नाही. खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, केरळी दुकानदाराने बिचाऱ्याने कौतुकानेच दहा-बारा प्रती काउंटरवर मांडल्या, तर तुम्ही जाऊन सगळ्या उचलून आणल्यात आणि बस स्टॉपवर उभे राहून वाटल्यात. कुवेत सिटीतल्या एका हॉटेलवाल्याने शुक्रवारच्या जेवणाच्या वेळी गायला बोलावलं, तेव्हा त्याला म्हणालात की लोक चावत असताना देवाचं नाव कसं घ्यायचं. "देवाक चलता, हेंका चलना नाय," आई म्हणाली. मला तेव्हा आईचंच पटायचं. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील ऑफिसात साहेब होते आणि सुट्टीत समुद्राकाठी कॉर्निशवर आइस्क्रीम खायला न्यायचे. माझे वडील बस स्टॉपवर अनोळखी माणसांना कॅसेटी वाटत होते.

आता त्या कार्यक्रमाचं. आम्ही येण्याआधी नऊ वर्षं तुम्ही इथे बॅचलर होता. गावात बायको, मुलगी, आणि इथे बॅचलर, कारण ज्याचं कुटुंब सोबत नाही तो इथे बॅचलरच, मग त्याला नातवंडं का असेनात. बाग असो, बीच असो, हॉल असो, दारावर पाटी असायची, फक्त फॅमिली. तुम्ही फोरमन झालात, फॅमिली व्हिसा मिळाला, आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, झाले, आणि एका दिवसात तुम्ही पाटीच्या आत आलात. तुमचे दोस्त बाहेरच राहिले. मंडळाने तुमच्या गाण्याचं ऐकून बोलावलं तेव्हा तुम्हाला इतका आनंद झाला होता की नवीन शर्ट शिवलात. शाळेच्या हॉलच्या दारात मात्र तुमच्या दोस्तांना, जटावाले काकांनाही, अडवलं. कार्यक्रम कुटुंबांसाठी आहे म्हणाले. गाणारे आहेत म्हटलं, तरी नाही. शेवटी स्टेजवर तुम्ही पेटी घेऊन आणि मी झांज घेऊन, एवढेच. गाणं नीट चाललं होतं. पहिल्या रांगेतल्या बायका मान डोलावत होत्या. आणि मग तुम्ही असं कडवं गायला लागलात, जे आपण कधी बसवलंच नव्हतं.

देवाच्या दारार पाटी नाय,
फॅमिली खय नि बॅचलर खय,
इकामो तेणी मागूक नाय,
ये रे बाबा, बस हय.

ते तुम्ही तिथेच, त्या क्षणी रचलंत, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. मग पेटीचा भाता धरून ठेवलात आणि माईकमध्ये म्हणालात, "भायर माझी माणसा उभी आसत. तेंका आत घेवा. नायतर ह्या गाणा देवाक पोचाचा नाय." हॉलमध्ये कुणी हललं नाही. मी झांज खाली ठेवली. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि तेच कडवं परत गायलात, एकटेच. त्यांनी कुणाला आत घेतलं नाही. पुढचा कोळीनृत्याचा ग्रुप विंगेत तयार होता, तो लगेच आला. परत येताना कंपनीच्या पिकअपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. मला वाटलं तुम्ही आता ओरडणार. तुम्ही म्हणालात, "झांज खाली ठेवलंस ता बरा केलंस. नायतर रागान पयलीच वाजवली असतंस." आणि स्वतःच हसलात. मी हसले नाही. शाळेत आठवडाभर मुली मला "भायर माझी माणसा" म्हणून चिडवत होत्या, आणि मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही. पुढच्या वर्षी काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते त्यांच्या बेटावर गेले. मी झांजेला पुन्हा हात लावला नाही.

मग जे सगळ्यांचं होतं तेच. शिकायला पुण्याला गेले, फिजिओथेरपिस्ट झाले, नाशिकचा इंजिनिअर नवरा केला, आणि फिरून याच अबू हलीफ्यात आले, तुमच्या बिल्डिंगपासून तीन गल्ल्यांवर. तुम्ही गावी गेलात आणि तिथेच गेलात. कॅसेट माझ्याकडे आहे, पण ती लावायला घरात काही नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. तुमचं गाणं तुमच्याबरोबर संपलं, असं मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात दस्मानच्या आमच्या क्लिनिकमध्ये देवगडकडचा एक माणूस आला. चाळिशीचा, बांधकामावर मचाण बांधणारा, खांदा आखडलेला. मी त्याला व्यायाम देताना एक-दोन-तीन-चार मोजत होते आणि तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी टेबलावर ताल धरून गुणगुणत होता. बोटं दोनवर पडत होती, तीनवर जोरात, चारवर. एकवर वर उचललेली. मी मोजायची थांबले. "ह्या गाणा कोणाचा?" मी विचारलं, आणि माझ्या तोंडून आपली बोली आली म्हणून आधी तो दचकला.

"कोणाचा ता म्हायत नाय ओ मॅडम. आमच्या कॅम्पात सगळे म्हणतत. जुन्या लोकांनी आमका शिकवल्यानी, आमी नव्यांका शिकवतो."

"आणि पयली कित्याक सोडतास?"

"ती सोडूचीच असता," तो म्हणाला, लहान मुलाला सांगावं तसं. "ती देवाची."

बाबा, मी त्याला म्हटलं की हे माझ्या बाबांचं गाणं आहे. तो खुर्चीवरून उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला, आणि मी त्याच्यावर ओरडले, कारण त्या खांद्याला अजून झटका द्यायचा नव्हता. मग आम्ही दोघंही हसलो आणि मला रडूही आलं. त्याने मला शेवटचं कडवंही म्हणून दाखवलं. एक अक्षर बदललेलं नाही. त्या हॉलच्या अंगणात उभे राहून ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी ते उचललं होतं, आणि त्यांच्याकडून पुढच्यांनी. कुणी विकलं नाही, कुणाकडे लिहिलेलंही नाही. ज्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, मी बस स्टॉपवर ओळख द्यायला लाजले असते, त्याचं नाव गेलं आणि बाकी सगळं राहिलं. मला अभिमान वाटला, तो असा उशिरा, दुसऱ्याच्या खांद्याला हात लावून.

मीच मग समितीत हे गाणं सुचवलं. सगळ्यांना आवडलं. काहीतरी वेगळं आहे, म्हणाले. तुमची नात सोळा वर्षांची आहे, शाळेच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. तिने पहिल्याच दिवशी ताल बरोबर धरला, एकदासुद्धा चुकली नाही, कारण तिचा हात समेवर कधी बसलाच नव्हता. आणि मग अध्यक्षांनी शब्द वाचले. ते पुण्याचे, पेट्रोकेमिकलमध्ये मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने सज्जन. "ताई, गाणं सुंदरच आहे," ते म्हणाले, "पण हे शेवटचं जरा टोचतं हो. प्रायोजक असतात, पाहुणे असतात. तीन कडवी पुरेत की." मी नातीला, म्हणजे तुमच्या नातीला, घरी सांगितलं. ती बेस पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मा, लास्ट व्हर्स इज द होल पॉइंट."

हे इथवर लिहून ठेवलं होतं. काल बैठक झाली.

मी सांगितलं, कडव्यासकट नाहीतर नाही. आणि हेही सांगितलं की गाणं मी किंवा माझी मुलगी म्हणणार नाही, कॅम्पातले बारा जण म्हणतील, त्यांचंच ते आहे, आम्ही साथ करू. आणि ते बारा जण म्हणून झाल्यावर बाहेर जाणार नाहीत, बसून पुढचा कार्यक्रम बघतील, जिथे जागा असेल तिथे. खजिनदार म्हणाले, "पण पासवरच छापलेलं असतं ना, फक्त कुटुंबांसाठी. कुणी केला हा नियम देव जाणे, पहिल्यापासून आहे." एक वहिनी म्हणाल्या, "माझा भाऊ इथेच मंगफच्या कॅम्पात आहे. सहा वर्षं आपल्या कार्यक्रमाला आलेला नाही. मी कधी विचारलंच नाही, नियम आहे म्हणून." मग अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "आणा सगळ्यांना. वहिनी, भावाला पण. चहा कमी पडला तर मात्र माझ्याकडे बघू नका." एवढ्यावर झालं. मला वाटलं होतं भांडण होईल. बहुतेक सगळेच कुणीतरी आधी बोलेल म्हणून थांबले होते.

गाणं येत्या शुक्रवारी आहे. देवगडच्या त्या माणसाचा खांदा आता जवळजवळ पूर्ण वर जातो. काल बैठकीनंतर, रात्रीच्या जेवणाआधी, सगळे आमच्याकडे तालमीला आले होते, दिवाणखाना चपलांनी भरला होता, आणि तुमची नात त्यांच्याशी चक्क मराठीत बोलायचा प्रयत्न करत होती. ते तिला मालवणी शिकवतायत. ती मला आज सकाळी "खय चललंस?" म्हणाली.

बाबा, एक राहिलं. ते खजिनदार म्हणाले ना, कुणी केला हा नियम. मंडळाच्या नियमावलीत तो कुठेच नाही, मी परत परत शोधला. तुमच्या वेळी तो नुसता दारात बोलला जायचा, नंतर तोही सुटत गेला होता. पास छापायचं काम माझ्याकडे आलं त्या पहिल्या वर्षी कॅम्पातली सात-आठ मुलं येऊन मधल्या रांगेत बसली होती आणि एका बाईंनी माझ्याकडे तक्रार केली होती. मला वाद नको होता. पुढच्या वर्षी पासच्या खाली 'फक्त कुटुंबांसाठी' ही ओळ मीच टाइप केली. कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं ती तशीच छापली, दर वर्षी माझ्या हाताने. काल खजिनदारांनी विचारलं तेव्हा मी खाली बघत राहिले, आणि त्या वहिनी भावाबद्दल बोलत होत्या तेव्हाही. आज सकाळी ती ओळ काढली आणि पास छापायला पाठवले. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही म्हणूनच.